गोळा कोणाचा, काच कोणाची

कायदे काही आभाळातून पडत नाहीत. ते कोणीतरी खुर्चीत बसून, शब्दाला शब्द जोडून लिहावे लागतात. सभागृहात हात वर करून मंजूर करणारे वेगळे, आणि "कोणी, काय, केव्हा आणि नाही केलं तर काय" हे खिळे एकेक करून ठोकणारे वेगळे. या दुसऱ्या जातीच्या माणसांना मसुदाकार म्हणतात. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येत नाहीत, आणि बहुतेकांना ते बरंच वाटतं.

आपल्या गोष्टीतली बाई अशीच एक मसुदाकार. तिच्या थोरल्या नणंदेने लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं होतं "कायदेबाई". झालं होतं एवढंच की जेवताना नणंदेने विचारलं, "थोडा भात वाढू?" आणि ही नवी भावजय अगदी सरळ मनाने म्हणाली, "थोडा म्हणजे किती?" तेव्हापासून सासरी तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. तिलाही त्याचं वाईट वाटलं नाही. तो प्रश्न तिला आजही योग्यच वाटतो.

तिचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. खिडकीखाली गाड्या लावायची जागा, आत एक लांबलचक टेबल, आणि कपाटांत जुन्या कायद्यांची जाडजूड पुस्तकं. इतकी वर्षं तिने लिफ्टचे नियम लिहिले, दुधाच्या बाटल्यांच्या झाकणांचे लिहिले, पाळीव कुत्र्यांच्या पट्ट्यांचे लिहिले. आणि यंदा तिच्या वाट्याला एकदम आकाश आलं.

त्याचं असं झालं. आकाशाबद्दलचा जुना कायदा होता, पण तो लिहिला गेला तेव्हा तिथे फक्त सरकारं जात होती. रॉकेट सरकारचं, उपग्रह सरकारचा. साहजिकच त्या कायद्यात जिथे तिथे "सरकार" हाच शब्द. आपल्या सरकारची वस्तू दुसऱ्या देशात पडून मोडतोड झाली, तर भरपाई आपल्या सरकारने द्यायची. दुसऱ्या सरकारची वस्तू आपल्याकडे सापडली, तर ती त्या सरकारला परत करायची. आणि आपलीच वस्तू आपल्याच माणसाच्या डोक्यावर पडली तर? त्याबद्दल तो कायदा गप्प होता. घरची वीट घरात पडली, तो घरचा मामला.

मग कंपन्या आल्या. कोणी वरून जमिनीचे फोटो काढून विकतं, कोणी फोनच्या लहरी फिरवतं, कोणी दुसऱ्यांचे उपग्रह भाड्याने वर नेऊन सोडतं. वर बाजार भरला, पण बाजाराचे नियम नव्हते. ते लिहायचं काम कायदेबाईकडे आलं, तेव्हा ती त्या संध्याकाळी घरी चालत गेली. बसमध्ये बसवेना, इतका आनंद झाला होता.

या कार्यालयाची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. मसुदा लिहून झाला की तो मोठ्याने वाचला जायचा, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा "लबाड". लबाड म्हणजे कार्यालयातलाच एक जण, ज्याचं त्या दिवशीचं काम म्हणजे कायद्यातून निसटणं. प्रत्येक कलमाला त्याने भोक शोधायचं आणि म्हणायचं, "मी सुटलो." मसुदाकाराने ते भोक बुजवायचं. लबाड थकून "अडकलो" म्हणाला की कलम पास.

सगळ्यांत नावाजलेला लबाड म्हणजे गोगलगाय. हे त्यांचं टोपणनाव. चालणं हळू, बोलणं हळू, आणि स्वभाव असा की दुसऱ्याच्या कुंपणाबाहेर आलेलं फूल तोडताना त्यांना घाम फुटेल. पण लबाडाच्या खुर्चीत बसले की या गोगलगाईच्या पोटातले पाय दिसायला लागायचे.

तर, अंतराळाच्या कायद्याचं पहिलं वाचन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं, आणि एका सुट्टीच्या सकाळी वन्संचा, म्हणजे त्या थोरल्या नणंदेचा, फोन आला.

"कायदेबाई, उठलीस का?"

"उठले ना वन्सं. काय झालं?"

"तुझ्या आकाशातलं काहीतरी माझ्या काचघरात आलंय. येऊन घेऊन जा."

वन्संची रोपवाटिका शहराबाहेर तासाभराच्या रस्त्यावर. यजमान गेल्यावर त्यांनी एकटीने उभी केलेली. मधोमध लांब काचघर, आणि त्यात फळ्यांवर फळ्या, ट्रेमागून ट्रे, टोमॅटोची, मिरचीची, कोबीची करंगळीएवढी रोपं. आसपासचे बागायतदार हंगामाच्या तोंडावर ती रोपं न्यायचे. वन्सं धाकट्या भावालाही जेवढं रागावल्या नसतील तेवढं त्या रोपांना रागवायच्या, आणि रोपं ऐकायचीही.

कायदेबाई नवऱ्याबरोबर पोचली तेव्हा काचघराच्या छताचा मधला सगळा भाग नव्हताच. चौकटी वाकून आत लोंबत होत्या. खाली प्रत्येक ट्रेमध्ये, प्रत्येक रोपाच्या मुळाशी काचेचा चुरा बसला होता, आणि उन्हात सगळं चमकत होतं. त्या मातीत आता हात घालता येणार नव्हता. आणि सगळ्याच्या मध्ये, कोबीच्या फळीवर, मोठ्या कलिंगडापेक्षा थोडा मोठा एक काळपट गोळा शांतपणे बसला होता. एका बाजूला करपलेला, बाकी धडधाकट. रॉकेटमध्ये वायू भरायची टाकी असते, ती. मुखवटे घातलेली सरकारी माणसं येऊन तो तपासून गेली होती. रिकामा आहे, धोका नाही, धनी येईपर्यंत इथेच राहू द्या, असं सांगून गेली होती.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं," वन्सं म्हणाल्या. त्या उंबरठ्यावर उभ्या होत्या, आत जात नव्हत्या. "बघ, कसा बसलाय. जावई बसतो तसा."

"तुम्हांला लागलं नाही ना, वन्सं?"

"मी चहा ठेवायला आत गेले होते. आवाज आला, मला वाटलं तुझा नवरा आला. लहानपणी दार असंच आपटायचा."

नवरा सरळ उभा राहिला. थोरल्या बहिणीसमोर तो अजूनही इयत्ता चौथीत होता.

"कोणाचा आहे, कळलं का?" त्याने विचारलं.

"कळलं की. कंपनीचा फोन आला होता. फार गोड बोलतो तो माणूस. म्हणाला, 'हात लावू नका, गोळा आमचा आहे, आम्ही न्यायला येतो.' म्हटलं, या, आणि येताना काचा घेऊन या. तर म्हणतो, 'त्याची कायद्यात तरतूद नाही.' मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, 'कायद्यात सरकारचं नाव आहे, कंपनीचं नाही. नवा कायदा यायचा आहे.'" वन्संनी भावजयीकडे पाहिलं. "तो नवा कायदा म्हणजे तूच ना?"

"मी लिहिते आहे," कायदेबाई हळूच म्हणाली.

"मग झालं. आपला हात जगन्नाथ. लिही चांगला ठसठशीत."

"वन्सं, कायदा असा..."

"पुढची पेरणी तोंडावर आली आहे," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "तोवर हे छप्पर उभं राहिलं तर मी आहे. नाही राहिलं तर बागायतदार दुसरीकडून रोपं नेतील, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक काय परत येतं? मग ही जागा विकायची आणि मी तुमच्याकडे येऊन राहायचं. तुला चालेल?"

कायदेबाईचं वन्संवर प्रेम होतं. पण एका घरात, एका स्वयंपाकघरात? तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता, जिथे छत नव्हतं.

त्या आठवड्यात कायदेबाईने मसुदा लिहिला. इतका भरभर तिने याआधी कधी लिहिला नव्हता. एरवी एका शब्दासाठी ती अर्धा दिवस पेन्सिल चावत बसायची. या वेळी कलमं जणू आपली आपण उतरत होती. असं झालं की खरं म्हणजे सावध व्हावं, पण ते नंतर सुचतं.

वाचनाच्या दिवशी सगळे लांब टेबलाभोवती बसले. एका टोकाला कार्यालयाच्या प्रमुख थोरल्या बाई, दुसऱ्या टोकाला लबाडाच्या खुर्चीत गोगलगाय, समोर पाण्याचा पेला.

कायदेबाईने वाचलं, "आकाशात सोडलेल्या वस्तूचा धनी म्हणजे ज्याने ती सोडली तो."

"मी सुटलो," गोगलगाय म्हणाले.

"कसे?"

"मी सोडली. पण वर गेल्यावर विकून टाकली. वरच्या वर. आता खाली पडली ती ज्याने घेतली त्याची."

"आकाशात फिरणारी रिकामी टाकी कोण विकत घेईल हो?" कोणीतरी म्हणालं.

"माझा मेव्हणा," गोगलगाय शांतपणे म्हणाले. "त्याची कंपनी मी कालच काढून दिली. कंपनीत एक टेबल आहे आणि एक कुलूप."

सगळे हसले. कायदेबाईने लगेच भर घातली, "ज्याने ती सोडली तो, आणि त्यानंतर ती ज्याच्या ज्याच्या हाती गेली ते सर्व."

गोगलगाईंनी पाण्याचा घोट घेतला. "अडकलो. मेव्हणाही अडकला. पुढे?"

दोन कलमं सुरळीत गेली. मग चौथं आलं.

"अशा वस्तूच्या पडण्याने काचेच्या छताचे, त्याखालील रोपांचे किंवा अन्य मालाचे नुकसान झाल्यास, धन्याने पुढील पेरणीपूर्वी ते पूर्ववत करून द्यावे."

गोगलगाईंनी मान थोडी तिरकी केली. लबाडाच्या खुर्चीत बसलेला माणूस दयाळू होऊ शकत नाही, ही त्या खुर्चीची अट होती. पण त्यांचा आवाज एरवीपेक्षा मऊ होता.

"मी सुटलो. माझी टाकी पडली एका न्हाव्याच्या दुकानावर. छप्पर पत्र्याचं."

"अन्य माल म्हटलंय," कायदेबाई म्हणाली.

"पत्रा माल नाही, छप्पर आहे. आणि छप्पर काचेचं नाही. बरं, तेही सोडा. तुम्ही म्हणता पुढील पेरणीपूर्वी. न्हावी केव्हा पेरतो?"

हसू फुटलं. कायदेबाईही हसली, आणि हसता हसता तिने आपल्याच कागदाकडे पाहिलं. काच. रोपं. पेरणी. अख्ख्या देशासाठी लिहायला बसलेली बाई, आणि तिने एका काचघराचं माप घेऊन कायदा शिवला होता. झाकणांचा नियम लिहिताना दुधाच्या बाटलीबरोबर औषधाच्या बाटलीचा विचार करणारी ती, तिला हे दिसलंच नव्हतं.

थोरल्या बाई हसल्या नव्हत्या. "वाचन इथे थांबवू," त्या म्हणाल्या. "तू जरा आत ये."

थोरल्या बाईंची खोली छोटी. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी.

"कोणाचं काचघर आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वन्संचं."

"हे मला आठवड्यापूर्वी कळायला हवं होतं."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हे काम काढून घेतलं असतंत."

"आणि आता?"

कायदेबाईने मसुद्याचा कागद टेबलावर ठेवला. मग धीर करून म्हणाली, "बाई, चौथं कलम मी नीट करते. काच काढते, पेरणी काढते. फक्त एक ओळ ठेवू या. हा कायदा यंदाच्या पहिल्या दिवसापासून लागू. एका ओळीचं काम आहे."

"एका ओळीचंच आहे," थोरल्या बाई म्हणाल्या. "मागे वळून पाहणारा कायदा लिहिणं कठीण नसतं. पण आज तो तुझ्या नणंदेच्या छपरासाठी मागे वळला, की त्याला मान वळवायची सवय लागते. उद्या तो कोणाच्या मानगुटीसाठी वळेल, ते तुझ्यामाझ्या हातात नसतं. कायदा आल्यावर लोकांनी नीट वागावं म्हणून आपण लिहितो. येण्याआधी ते कसे वागले म्हणून नाही."

"मग वन्संनी काय करायचं?"

"ते मला विचारू नकोस. मी सरकारी माणूस, आणि हा विषय माझ्या टेबलावर आहे." त्यांनी कुंडीतलं एक सुकलेलं पान तोडलं. "मसुदा उद्यापासून गोगलगाय लिहितील. लिफ्टच्या नियमांत दुरुस्ती आली आहे, ती तू घे. हा विषय तुझ्या टेबलावरून गेला. आता कार्यालयाच्या बाहेर तू कोणाची भावजय आहेस, यात मी पडत नाही. जुना कायदा छापलेला आहे, कोणीही वाचू शकतो. तूसुद्धा."

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ बटाटे सोलत राहिला.

"ताईला कोण सांगणार?" शेवटी त्याने विचारलं.

"तुम्ही."

"मी नाही," तो म्हणाला, आणि अजून एक बटाटा घेतला.

सांगितलं तिनेच, रोपवाटिकेत जाऊन. वन्सं एका ट्रेमधून चिमट्याने काचा वेचत होत्या. वेचून उपयोग नव्हता हे त्यांनाही माहीत होतं.

"म्हणजे तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं," त्या म्हणाल्या. "माझं छप्पर गेलंच होतं, तू तुझं आकाशही घालवलंस."

"माझी चूकच होती, वन्सं."

"चूक काय? घरच्या माणसाची आठवण ठेवलीस, ही चूक?" त्या चिमट्याकडे बघत म्हणाल्या. "पण त्या न्हाव्याचंही बरोबर आहे. त्याच्यावर पडलं असतं तर?"

कायदेबाईला हसू आलं. मग तिने पिशवीतून जुना कायदा काढला. पातळसं पुस्तक, कडा पिवळ्या पडलेल्या. गेल्या दोन दिवसांत तिने ते पुन्हा वाचलं होतं, पण या वेळी मसुदाकाराच्या खुर्चीत बसून नाही, लबाडाच्या. नवा कायदा लिहायच्या नादात ती जुन्याकडे मोडकं सामान म्हणून पाहत होती. त्यात काय नाही, तेवढंच तिने पाहिलं होतं. जे नाही, ते कोणाकोणाला नाही, हे पाहिलं नव्हतं.

"वन्सं, कंपनीचा माणूस केव्हा येणार आहे?"

"उद्या सकाळी. ट्रक घेऊन."

"मी रजा घेते."

कंपनीचा माणूस तिशीतला, डोक्यावर कंपनीची टोपी, बोलणं खरंच गोड. मागे क्रेन लावलेला ट्रक. त्याने काचघर पाहिलं आणि टोपी काढली. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"फार नुकसान झालं हो, मावशी," तो वन्संना म्हणाला.

"झालं ना? मग?"

"मला वरून फक्त गोळा आणायला सांगितलंय."

"कशाच्या आधारावर नेणार?" कायदेबाईने विचारलं.

"आपण?"

"मी यांची भावजय."

"अंतराळाच्या कायद्याप्रमाणे, वहिनी. आकाशातून पडलेली वस्तू सोडणाऱ्याला परत करायची असते."

"सोडणाऱ्याला नाही, सोडणाऱ्या सरकारला. हे बघा." तिने पुस्तक उघडून पुढे केलं. "यात सगळीकडे सरकार आहे. तुम्ही सरकार आहात का?"

"मी कुठला सरकार," टोपीवाला म्हणाला.

"काच फुटली तेव्हा तुम्हीच फोनवर म्हणालात, या कायद्यात कंपनीचं नाव नाही, म्हणून भरपाई नाही. बरोबरच आहे, नाहीच आहे. पण मग गोळा मागायलाही ते नाव नाही. कायद्याच्या घरात तुम्ही राहत नसाल, तर जेवणाच्या वेळेपुरतं आत येता येत नाही."

वन्संनी भावजयीकडे जरा नव्याने पाहिलं.

"मग आम्हांला कोणता कायदा?" टोपीवाल्याने विचारलं. त्याच्या विचारण्यात भांडण नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. कायदेबाईला तो आवडला.

"साधाच. शेजारधर्माचा. तुमच्या आवारातलं झाड माझ्या कुंपणावर पडलं, तर लाकूड तुमचं. खुशाल न्या. पण कुंपण उभं करून द्या. लाकूड माझं आणि कुंपण तुमचं, असं म्हणता येत नाही. झाड किती उंचावरून पडलं, याने काही फरक पडत नाही."

टोपीवाला फोन घेऊन ट्रकमागे गेला. त्याचं "हो सर, हो सर" ऐकू येत होतं. परत आला तेव्हा त्याने टोपी पुन्हा घातली होती, पण उलटी.

"ऑफिस म्हणतं, तो गोळा आमचा नाहीच."

"अरेच्चा," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे सोडला आम्ही. पण रॉकेटचा तो रिकामा भाग वर असतानाच दुसऱ्या कंपनीला विकला होता. वरचं भंगार गोळा करणारी कंपनी आहे. त्यामुळे आता धनी ते."

कायदेबाईने ओठ घट्ट मिटले. गोगलगाईंचा मेव्हणा खरोखर अस्तित्वात होता. टेबल आणि कुलूप घेऊन तो कुठेतरी बसला होता.

"अस्सं," वन्सं म्हणाल्या. "मग गोळा त्यांना द्यायला हवा. तुम्ही ट्रक कशाला आणलात?"

टोपीवाल्याने मागे वळून ट्रककडे पाहिलं.

"नाही, म्हणजे मी म्हातारी बाई, मला समजावून सांगा," वन्सं पुढे म्हणाल्या. त्या इतक्या गोड बोलायला लागल्या की त्यांचा भाऊ इथे असता तर दोन पावलं मागे सरकला असता. "दुसऱ्याची वस्तू मी तिसऱ्याच्या हवाली केली, तर उद्या ते मला विचारतील ना? मी नाही बाई असलं करणार. जाऊ दे, बसू दे त्याला कोबीवर."

"मावशी, असं नका करू. गोळा आम्हांला हवाच आहे. तो वरच्या हवेत जळून जायला हवा होता. का जळला नाही, ते आमच्या इंजिनियरांनी तपासल्याशिवाय पुढचं उड्डाण होणार नाही." बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, हे बोलायचं नव्हतं.

"आम्हांला गोळा नको आहे," कायदेबाई म्हणाली. "आत्ता न्या. आम्ही अडवणार नाही, जास्त काही मागणार नाही. फक्त नेताना 'आमचा आहे' म्हणा आणि तसं लिहून द्या. आमचा म्हटलात की फुटलेली काचही तुमची. नाही म्हणत असाल तर ट्रक रिकामा न्या. दोन्ही तुमच्या हातात आहे."

टोपीवाल्याच्या एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर. तो पुन्हा ट्रकमागे गेला. या वेळी "हो सर" कमी ऐकू आलं आणि "पण सर" जास्त. ड्रायव्हर ट्रकमधून उतरून सावलीत बसला. वन्संनी त्याला पाणी दिलं आणि त्याच्या घरी कुंड्या आहेत का, विचारलं. आहेत म्हणाला. मग मिरचीला पाणी किती घालायचं यावर दोघांचं बराच वेळ चाललं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा टोपीवाला परतला.

"आमचा आहे," तो म्हणाला. आणि मग, जणू स्वतःलाच बरं वाटल्यासारखा, जरा मोठ्याने, "गोळा आमचा आहे, मावशी. काचाही आमच्या. माणसं परवा येतील."

माणसं परवा आली नाहीत, त्यानंतर चार दिवसांनी आली. पण आली. नवी काच जुन्यापेक्षा किंचित हिरवट निघाली, त्यामुळे काचघराच्या मधल्या भागात ऊन वेगळंच पडतं. वन्सं त्याबद्दल कंपनीला आजही नावं ठेवतात. पेरणी मात्र वेळेवर झाली.

छप्पर उभं राहिल्यावर थोरल्या बाईंनी कायदेबाईला बोलावलं. "आता तुझं त्यात काही अडकलेलं आहे का?"

"नाही."

"मसुदा गोगलगाय यांच्याकडेच राहील. पण गुरुवारी वाचन आहे, आणि लबाडाची खुर्ची रिकामी आहे."

त्या गुरुवारी कायदेबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. ती टोपीवाल्याच्या साहेबांसारखी बोलली, गोळा मागितला, मग नाकारला, मग मेव्हण्याच्या नावावर केला, मग पुन्हा मागितला. प्रत्येक वेळी "मी सुटले" म्हणताना तिला त्या हिरवट काचेखालच्या फळ्या दिसत होत्या, आणि न्हाव्याचं दुकानही दिसत होतं. गोगलगाय लिहीत गेले, खोडत गेले, हळूहळू, त्यांच्या चालीने. शेवटी कलम असं उतरलं की पडलेली वस्तू जो आपली म्हणून मागेल, त्याने तिने केलेली मोडतोडही आपली म्हणावी. आणि वस्तू वर असताना कोणी कोणाला विकली, यावरून सोडणारा सुटत नाही आणि घेणाराही सुटत नाही.

"अडकले," कायदेबाई म्हणाली.

कायदा मंजूर व्हायला पुढे बरेच महिने गेले. तो छापून आला त्या रविवारी ती एक प्रत घेऊन रोपवाटिकेत गेली. वन्संनी हात पुसले, चष्मा लावला.

"यात मी कुठे आहे?"

"तुम्ही नाही आहात, वन्सं. हा कायदा पुढच्यांसाठी. तुमचं आधी झालं."

"एक अक्षरही नाही?"

कायदेबाईने पान उलटलं. कलमाखाली, समजायला सोपं जावं म्हणून, गोगलगाईंनी एक उदाहरण घातलं होतं. तिने वाचून दाखवलं, "'अ'ने आकाशात सोडलेल्या वस्तूचा भाग 'ब'च्या आवारात पडतो. 'अ' म्हणतो, तो भाग आपण आधीच 'क'ला विकला आहे. 'अ' आणि 'क' दोघेही 'ब'चे नुकसान भरून देण्यास बांधील आहेत." तिने बोट ठेवलं. "एक अक्षर आहे. हे."

वन्संनी पुस्तक जवळ घेऊन ते अक्षर नीट पाहिलं.

"'ब'? ज्याने गोळा टाकला तो पहिला, आणि मी दुसरी?"

"कायद्यात तसंच असतं, वन्सं. करणारा आधी, सोसणारा मग."

"आणि छप्पर कसलं, ते नाही लिहिलंय?"

"नाही. नुसतं आवार. न्हावीही त्यात बसतो."

वन्संनी मान हलवली, पुस्तक मिटलं आणि कोबीच्या फळीवर, जिथे गोळा बसला होता त्याच जागी, क्षणभर ठेवलं. मग ट्रे भिजतील म्हणून उचलून भावजयीच्या हातात दिलं.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "भात केलाय. थोडा वाढीन."

"थोडा म्हणजे किती?" कायदेबाईने विचारलं.